धुरा फोडायचा सीन

साडेसात ते आठ या वेळात आमच्या घरी पाहुणा आला तर त्याला पाणीसुद्धा मिळत नाही, मग तो जावई का असेना. त्या अर्ध्या तासात माझे सासरे, म्हणजे दिघोरीचे खुशाल दोनाडकर, टीव्हीसमोर मांडी घालून 'रक्ताचा बांध' ही मालिका पाहतात. मालिकेत आबासाहेब नावाचा बाप आहे आणि रणवीर नावाचा मुलगा. मुलाला जमीन विकायची आहे, बापाला विकायची नाही. अकरा महिने झाले, ती जमीन ना विकली जाते ना पेरली जाते. इतका काळ वावर पडीक ठेवलं तर आमच्या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पण टीव्हीवर सगळं खपतं.

आबासाहेब रडले की मामाजी दुपट्ट्याने डोळे पुसायचे. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. "आजकालचे पोट्टे असेच," असं म्हणताना त्यांची नजर टीव्हीवर नसायची, हातभर अंतरावर जेवत बसलेल्या माझ्या नवऱ्यावर असायची.

माझा नवरा कैलाश आणि मामाजी यांचं बोलणं बंद होतं. अगदी बंद नाही, माझ्यामार्फत चालू होतं.

"मनाली, तुह्या नवऱ्याले सांग, उद्या तलावाचं पानी सुटनार आहे."

"मनाली, बाबाले सांग, मले माहीत आहे."

दोघांच्या मध्ये वरणाचं गंज, म्हणजे पातेलं, असायचं, बाकी काही नाही. मी एकदा चिडून म्हटलं, की मामाजी, मी पोस्टात लागले असते तर निदान पेन्शन मिळाली असती. सासूबाई हसल्या, हे दोघे मात्र हसले नाहीत.

आता याचं कारण सांगते. कैलाश आठ वर्षं नागपूरला एका कंपनीत होता. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून शेती करतो म्हणून घरी आला. मी तेव्हा खूप भांडले होते. मी जवाहरनगरच्या क्वार्टरात वाढलेली मुलगी. वडील फॅक्टरीत, दारातून बस, आणि धान मी पाहिला तो शिजलेला. पण इथे आल्यावर पुढच्या खोलीत मी पार्लर टाकलं, आणि ते असं चाललं की लग्नसराईत मला जेवायला फुरसत मिळेना. लाखांदूरच्या नवऱ्या मुली एसटीने माझ्याकडे यायला लागल्या. आता मला दिघोरी सोडून कुठेही जायचं नव्हतं, आणि हे मी जो विचारेल त्याला ठणकावून सांगत होते.

कैलाशने मात्र मागच्या वर्षी घोडचूक केली. धान निसवायच्या बेतात होता, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्याच होत्या. त्या दिवसांत बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी आटलं की दाणा भरत नाही, हे आता मलाही कळतं. मामाजी तापाने लाखांदूरच्या दवाखान्यात पडले होते आणि वावर कैलाशच्या भरवशावर होतं. हा पठ्ठ्या मित्राच्या पार्टीला नागपूरला गेला तो दोन दिवसांनी उगवला. तेवढ्यात खेकड्यांनी पोखरलेला वरच्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा मातीचा बांध, फुटला आणि सगळं पाणी नाल्याला लागलं. अर्धा धान पोचट निघाला. मामाजी एकच वाक्य बोलले, "ज्याले धुरा राखता येत नाही, त्यानं वावराचं नाव घेऊ नये." त्या दिवसापासून माझी पोस्टमनकी सुरू झाली.

यंदा कैलाश एक दिवस गावाबाहेर गेला नाही. रोवणीला चिखलात, निंदणाला चिखलात, पाण्याची पाळी आली की फावडं घेऊन धुऱ्यावर. मामाजींनी यातलं काही पाहिलं नाही. मुलगे कसे असतात ते त्यांना रोज साडेसातला कळतच होतं. आणि भादवा सरता सरता त्यांनी जाहीर केलं, "दसऱ्याले इश्वरले जबान देतो. तीन वर्षं वावर तोच करंल." इश्वरभाऊ आमच्या शेजारचे शेतकरी. चांगला माणूस, स्वतःचा ट्रॅक्टर, हुशार. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

कैलाश मला म्हणाला, "मंग मी इथं बसून काय करू? कंपनीत फोन केलो. दिवाळीनंतर ये म्हनून राहिले." माझ्या पार्लरच्या खुर्चीचे हप्ते नुकतेच फिटले होते. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही, आणि मी बोलत नसले की त्या घरात कुणीच कुणाशी बोलू शकत नव्हतं.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना गावात तीन मोठ्या गाड्या आल्या. 'रक्ताचा बांध'चं शूटिंग! दिग्दर्शकाला हिरवंगार धानाचं वावर पाहिजे होतं. अकरा महिने जी जमीन पडीक होती तिच्यावर अचानक हिरवा धान कसा आला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मामाजींना तर नाहीच. दिग्दर्शक आमच्या अंगणात आले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "साहेब, आबासाहेबाची तब्येत आता कशी आहे?" मागच्या भागात आबासाहेबांना झटका आला होता.

सीन असा होता. रणवीर रागाच्या भरात फावड्याने धुरा फोडतो, उभ्या पिकातलं पाणी वाहून जातं आणि आबासाहेब गुडघ्यावर बसून आकांत करतात. जागा पसंत पडली ती आमच्या वरच्या बांधीची, कारण पलीकडे नाला होता आणि पाणी धो धो पडताना सुंदर दिसलं असतं. मामाजींचा चेहरा पडला. दिग्दर्शक म्हणाले, "काका, जेवढं पाणी जाईल तेवढं पंप लावून नाल्यातून परत भरून देतो. धुराही बांधून देतो." आबासाहेब आपल्या वावरात येणार, या एका गोष्टीवर मामाजी हो म्हणाले. मलाही मेकअपवाल्यांना मदत करायला बोलावलं. दोन वर्षांच्या अनुभवात मी लोकांच्या तोंडावरचं सगळं काढलं होतं, तोंडाला चिखल लावायचं काम पहिल्यांदाच मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव वावराच्या कडेला जमलं. आबासाहेबांचं काम करणारे नट आले, अगदी देखणे, पांढरंशुभ्र धोतर. मामाजींनी त्यांना वाकून नमस्कार केला. नटांनी चिखलात एक पाय घातला आणि तेवढ्यात एक दिवड, पाण्यातला बिनविषारी साप, त्यांच्या समोरून शांतपणे पोहत गेला. तो आपल्या कामाला चालला होता. नट जे उडाले ते थेट गाडीत जाऊन बसले. काच वर. त्यांचं पाहून रणवीरही गाडीत बसला. आमची पोरंसोरं हसून हसून धुऱ्यावर लोळायची बाकी होती.

"लांबून, पाठमोरं घेऊ," दिग्दर्शक कपाळ पुसत म्हणाले. "चेहरे नंतर रस्त्यावर उभं करून घेऊ. याच अंगकाठीची दोन माणसं द्या."

लोकांनी मामाजींना पुढे ढकललं. अंगकाठी खरंच आबासाहेबांसारखी. आणि रणवीरच्या उंचीचा गावात एकच माणूस निघाला.

"हे कोण?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"त्याहीचाच पोरगा होय जी," कुणीतरी सांगितलं.

"खरे बापलेक? अरे वा! मग तर काही शिकवायलाच नको!"

मी रंगाच्या डब्यात तोंड घातलं.

दोघांना कपडे घातले. दिग्दर्शकांनी समजावलं, की आवाज नंतर भरायचा आहे, तोंडाने काहीही बोला, फक्त मुलाने धुरा फोडायचा आणि बाजूला उभं राहायचं, बापाने बसून रडायचं. सोपं काम. कैलाशने फावडं उचललं. मामाजींनी दुसरीकडे पाहिलं. "ॲक्शन!"

कैलाशने दोन घाव घातले. पाणी सुटलं. मामाजी गुडघ्यावर बसले, अगदी सांगितल्यासारखे, आणि बसल्या बसल्या दोन्ही हातांनी चिखल ओढून भगदाडात कोंबायला लागले.

"कट! काका, बुजवायचं नाही. रडायचं."

"हव, हव. हात आपोआप गेला."

पुन्हा मांडणी झाली. या वेळी मामाजींनी दोन्ही हात काखेत घट्ट धरून ठेवले. त्यांची ती धडपड पाहून मला त्यांची दया आली. कैलाशने घाव घातले, पाणी सुटलं, मामाजी बसले, तोंड वर करून "अरे देवा, अरे देवा" करू लागले. फार छान चाललं होतं. तेवढ्यात कैलाशने फावडं टाकलं आणि भगदाडात आपला पाय रोवून उभा राहिला.

"कट! तू व्हिलन आहेस रे बाबा! तूच फोडलंस!"

"माहीत आहे जी," कैलाश खाली मान घालून म्हणाला, "पन पानी चाल्लं ना."

शहरातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. आमच्या गावातल्या एकालाही यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उभ्या धानातून पाणी चाललेलं पाहून गप्प उभं राहणं म्हणजे रडणारं मूल शेजारी ठेवून पेपर वाचणं. कडेला उभ्या असलेल्या दोन-तीन बायकासुद्धा पदर खोचून पुढे सरकल्या होत्या.

तिसऱ्यांदा दिग्दर्शकांनी हात जोडले. ऊन चढायला लागलं होतं. कैलाशने जरा जोरातच घाव घातला आणि धुरा मोठा फुटला. पाणी असं सुटलं की दोघेही क्षणभर थबकले, आणि मग दोघांनीही एकदमच उडी घेतली.

"अबे, नुसती माती नको टाकू! वाहून जाते ते! गवत घाल आधी!" मामाजी ओरडले.

"घालूनच राहिलो ना बाबा! तुमी खालून दाबा!"

"टाचेनं दाब, पंज्यानं नाही!"

"तुमी सरका जराशे, मले जागा द्या!"

"घे लेका, घे!"

मी मोजलं नाही, पण मिनिटभर असेल. अकरा महिन्यांनंतर हे दोघे एकमेकांशी बोलत होते, तेही माझ्याशिवाय, आणि गळ्यापर्यंत चिखलाने माखून. धुरा बुजला. कैलाशने वरून थापटून सारखा केला. मामाजींनी वाकून पाहिलं, बोटाने चाचपलं, आणि कुठून पाझरत नाही म्हटल्यावर मान हलवली. मग दोघांनाही एकदम आठवलं. मामाजी माझ्याकडे वळले, "मनाली, तुह्या नवऱ्याले सांग..." आणि काय सांगायचं ते न सुचून थांबले. माझे डोळे भरून आले होते, आणि मी ते चिखलाच्याच हाताने पुसले.

दिग्दर्शक मात्र रडायच्या बेतात होते. "अहो, हे भांडण मला अजून दीडशे भाग चालवायचंय! तुम्ही आत्ताच मिटवून टाकलंत!"

मी आशेने मामाजींजवळ गेले. टॉवेल देताना हळूच म्हटलं, "पाहिलं ना मामाजी? यंदा त्याले समजते."

"एक डाव धुरा बुजवला म्हनून कोनी शेतकरी होत नाही," ते म्हणाले. असा संताप आला म्हणता! पण टॉवेल माझ्या हातातून आधीच गेला होता, नाहीतर त्याचं काय केलं असतं सांगता येत नाही.

आता धुरा फोडणार कोण? तीन-चार जणांना विचारलं, कुणी तयार होईना. "उभ्या धानात? नाही गा," म्हणून एकेक जण मागे सरकला. तेव्हा इश्वरभाऊ पुढे आले. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आना तो शर्ट. अॅक्टिंगच त करायची आहे ना."

रणवीरचा शर्ट त्यांना पोटावर तंग झाला, पण पाठमोरं चालणार होतं. इश्वरभाऊंनी फावडं असं उचललं की गावाने शिट्ट्या मारल्या. एक, दोन, तीन घाव. वावभर, दोन्ही हात पसरावेत एवढा, धुरा उडाला. पाणी नाल्यात कोसळू लागलं, त्याच्यासोबत दोन-चार धानाची बुडंही निघाली. इश्वरभाऊ सांगितल्याप्रमाणे बाजूला झाले, एक हात कमरेवर ठेवला, आणि पाठमोरं राहायचं विसरून कॅमेऱ्याकडे पाहत राहिले.

"वा! अस्संच! हलू नका!" दिग्दर्शकांना एवढा आनंद झाला की त्यांनी कॅमेरा थांबवलाच नाही. जवळून घेतलं, लांबून घेतलं, पाण्याचं वेगळं घेतलं.

बापाचं रडणं नंतर वेगळं घ्यायचं ठरलं होतं, त्यामुळे मामाजी आणि कैलाश माझ्या दोन्ही बाजूंना उभे होते. पुढे पाण्याकडे जायची सोय नव्हती, कॅमेऱ्यात दिसले असते. मामाजींनी आधी धोतराचा सोगा मुठीत धरला. मग माझ्या पाठीमागून हात लांब करून कैलाशचं मनगट धरलं. कुणी पुढे जाऊ नये म्हणून कोण कुणाला धरत होतं, ते मला कळलं नाही. पाणी खाली खाली जात होतं, आणि हिरव्या धानाच्या बुडाशी काळा चिखल दिसायला लागला होता. मामाजी पाण्याकडे पाहत नव्हते. ते इश्वरभाऊंकडे पाहत होते, एकटक, आबासाहेबांकडेसुद्धा त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं.

"कट!"

बापलेक एकदमच धावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या इश्वरभाऊंसाठी होत्या, ते माझ्याकडे टॉवेल मागायला आले. "वहिनी, चेहरा बरोबर आला असंन का?" मी म्हटलं, अगदी बरोबर आला भाऊ, सगळ्यांनी पाहिला.

पंपवाल्यांनी संध्याकाळपर्यंत बांधी भरून दिली, ते मात्र शब्दाला जागले. धुरा कैलाश आणि मामाजींनी स्वतःच बांधला. शूटिंगवाल्यांच्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. पण जबान देण्याबद्दल मामाजी काहीच बोलले नाहीत, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. कैलाश रोज संध्याकाळी कंपनीचा फोन घेत होता.

दसऱ्याच्या सकाळी मी पार्लरमध्ये होते. धुरपताकाकूंना सीमोल्लंघनाला जायच्या आधी भुवया करून पाहिजे होत्या. अंगणात कैलाश पूजेसाठी विळे, फावडी, कुऱ्हाड धुऊन मांडत होता. मामाजी नवं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. एवढ्यात इश्वरभाऊ आपट्याची पानं घेऊन आले.

"घ्या काका, सोनं घ्या. अन मंग वावराचं पक्कं समजू ना?"

माझ्या हातातला दोरा थांबला. धुरपताकाकूंनी एक डोळा उघडला, आणि ऐकू यावं म्हणून दुसराही उघडला.

मामाजींनी सोनं घेतलं, कपाळाला लावलं. "नाही गा इश्वर. वावर घरीच राहीन."

"काहून काका? माह्याकून काही चुकलं का?"

"चुकलं काही नाही. तुह्या डोळ्यांपुढं पानी वाहून गेलं, अन तू उभा होता."

"अजी काका, सीन होता तो!" इश्वरभाऊंना खरंच काही समजेना. "डायरेक्टरनं सांगतलं, फोड अन उभा राह्य. मी त तेवढंच केलो."

"कैलाशलेबी डायरेक्टरनंच सांगतलं होतं," मामाजी म्हणाले. "तीन डाव सांगतलं."

इश्वरभाऊ थोडा वेळ मिशी चाचपत राहिले, मग हसले, कारण माणूस मनाने सरळ आहे. "हे त खरंच आहे काका," म्हणाले. कैलाश एकाच विळ्यावर केव्हापासून पाणी ओतत बसला होता. त्याने लोटा खाली ठेवला, उठला, ओट्याजवळ आला आणि ओल्या हातांनीच वडिलांच्या पाया पडला.

मामाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आवाज मात्र नेहमीसारखाच खेकसला, "आधी हात त पूस रे, धोतर नवं आहे."